‘कोर्ट’ची केस: व्हेनिसला गेलेला पिक्चर घरी कसा परत आला

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिचा पिक्चर लॉक झालाय, म्हणजे एडिट पक्कं झालंय, ९२ मिनिटांचा, विदर्भात शूट केलेला, पैसे तिचे, तिच्या भावाचे आणि थोडे उसने. आणि तिचा प्रश्न एकच होता, पहिला कुठल्या फेस्टिव्हलला पाठवू? तोवर तिने दोन ठिकाणी फी भरून टाकलेली होती, दोन्ही नावं मी आयुष्यात ऐकलेली नव्हती, एकाच्या पोस्टरवर तर दर महिन्याला वेगळे विजेते. मी तिला म्हटलं थांब, अजून कुठेही पाठवू नकोस, मी तुला एक केस नीट लिहून देतो, ती वाच आणि मग ठरव. ही ती केस आहे, आणि तिच्यासारखे अजून बरेच जण असतील म्हणून इथे टाकतोय.

केस आहे चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ या मराठी पिक्चरची. हाच का घेतला, तर सप्टेंबर २०१४ मध्ये इटलीतल्या व्हेनिस फेस्टिव्हलला पहिला शो आणि १७ एप्रिल २०१५ ला आपल्याकडे थिएटरमध्ये, या साडेसात महिन्यांत स्वतंत्रपणे केलेल्या मराठी पिक्चरच्या वाटेवरचे जवळपास सगळे थांबे येऊन जातात, आणि तेही बरोबर ओळीने. लोक ‘कोर्ट’बद्दल बोलताना बक्षिसांची यादी वाचतात. मला ती ओळ महत्त्वाची वाटते. कुठला शो कुठल्या शोच्या आधी झाला, कुठली तारीख कुठल्या तारखेच्या आत बसली, हे बघायला हवं.

आणि अजून एक कारण माझं स्वतःचं आहे. २०१८ मध्ये माझी २२ मिनिटांची शॉर्टफिल्म मी घाईघाईत एका ऑनलाइन फेस्टिव्हलला दिली, त्यांनी ती आठवडाभर सगळ्यांसाठी उघडी ठेवली, मला वाटलं चला लोक बघतायत. दोन महिन्यांनी एका चांगल्या परदेशी फेस्टिव्हलचा मेल आला, फिल्म आवडलीये, आशियाबाहेर किंवा ऑनलाइन कुठे दाखवली गेलीये का? मी खरं ते लिहिलं आणि विषय तिथेच संपला. माझ्यासोबत ज्या कॅमेरामनने चार रात्री फुकट काम केलं त्याला हे सांगताना जे वाटलं ते अजून विसरलो नाही. म्हणून ही ओळ-ओळ करतोय.

आता मूळ गोष्टीकडे. बहुतेक जण ‘कोर्ट’ची गोष्ट व्हेनिसपासून सुरू करतात. ती खरं तर तीन-चार वर्षं आधी सुरू होते, एका खोलीत, जिथे एक मुलगा लिहितोय आणि त्याच्याकडे पैसे नाहीत.

ताम्हाणे मुंबईचा, १९८७ चा जन्म, मिठीबाई कॉलेजमध्ये इंग्रजी साहित्य शिकलेला, कॉलेजच्या वयातच बालाजीसाठी मालिकांचं लिखाण केलेला. नंतर एक नाटक लिहिलं-बसवलं, त्यात विवेक गोम्बर हा नट होता. मग २०१० मध्ये ‘सिक्स स्ट्रँड्स’ नावाची शॉर्टफिल्म केली, दार्जिलिंगच्या चहावरची, ती क्लेरमाँ-फेराँ, एडिनबरा अशा ठिकाणी फिरली. क्लेरमाँ-फेराँ म्हणजे फ्रान्समधलं, शॉर्टफिल्मच्या जगातलं सगळ्यात मोठं नाव. म्हणजे पहिला मोठा पिक्चर करायच्या आधीच या माणसाला फेस्टिव्हल आतून कसं चालतं, प्रोग्रॅमर म्हणजे फिल्म निवडणारे लोक कोण असतात, स्क्रीनिंगनंतर लोक काय विचारतात, हे ठाऊक होतं. आपल्यातले बरेच जण शॉर्टफिल्मला नुसती पायरी समजतात, की हिच्या जोरावर मोठं काम मिळेल. मला वाटतं तिचा खरा उपयोग हा आहे, की फिल्म घेऊन हिंडायची सवय कमी पैशात लागते.

शॉर्टफिल्म झाली आणि पुढे काय, पैसे संपलेले. इथे गोम्बर येतो. त्याने ताम्हाणेला सांगितलं की तू लिही, मी तुला दर महिन्याला १५ हजार रुपये देतो. ही गोष्ट दोघांच्या मुलाखतींमधून अनेकदा आलीये. मला या सगळ्या केसमधली ही सगळ्यात मोठी घटना वाटते, व्हेनिसच्या बक्षिसापेक्षा मोठी. हिशोब करून बघा, वर्षभर धरलं तरी १ लाख ८० हजार. एवढ्यात आपल्याकडे एक बऱ्यापैकी शॉर्टफिल्मसुद्धा होत नाही, दोन दिवसांचं शूट, लाइटचं भाडं आणि जेवणखाण यातच जातात. पण त्या पैशांनी एका लेखकाला कोर्टात जाऊन बसायला वेळ दिला. खालच्या कोर्टात, जिथे काही नाट्यमय घडत नाही, तारीख पडते, कागद सापडत नाही, वकील उशिरा येतो, पंखा फिरत असतो. ‘कोर्ट’मध्ये जे आहे ते सगळं त्या बसण्यातून आलंय, हे पिक्चर बघितलेल्या कुणालाही कळतं.

बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर, त्याच्यावर आरोप की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. केस चालते. पण कॅमेरा नुसता केसमध्ये राहत नाही, तो बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकील बाईंबरोबर लोकलने त्यांच्या घरी जातो, त्या स्वयंपाक करतात, नवऱ्या-मुलांबरोबर नाटकाला जातात, आणि शेवटी जजसाहेबांच्या सुट्टीवर जातो. शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार, नागपूरचे आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक, ज्यांच्यासाठी शाहिरी, पोलीस आणि कोर्ट हा रोजच्या जगण्याचा भाग होता. गाणी संभाजी भगतांची. सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी, रंगभूमीवरची तयार अभिनेत्री. बचावाचा वकील स्वतः गोम्बर. बाकी बरेचसे लोक आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर, आणि ते शोधायला कित्येक महिने गेले.

लेखन चालू असतानाच्या काळातली दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ह्युबर्ट बाल्स फंड. हा नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम फेस्टिव्हलचा फंड, फेस्टिव्हलच्या संस्थापकाच्या नावाने चालतो, आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका इकडच्या फिल्मकारांना मदत करतो. ‘कोर्ट’ला स्क्रिप्टच्या टप्प्यावर त्यांची मदत मिळाली. स्क्रिप्टसाठी मिळणारी रक्कम लहान असते, तेवढ्यात पिक्चर होत नाही. पण ज्या दिवशी अशा फंडाच्या यादीत तुमचं नाव छापून येतं, त्या दिवसापासून युरोपातले प्रोग्रॅमर तुमचा पिक्चर कधी पूर्ण होतोय याची नोंद ठेवायला लागतात. मोठ्या फेस्टिव्हलला हजारो फिल्म येतात, त्या ढिगाऱ्यात तुमची लिंक कधी उघडली जाईल आणि कोण उघडेल यात प्रचंड फरक पडतो. कुणीतरी तुमची वाट बघत असणं आणि तुम्ही फी भरून लिंक टाकणं, ही दोन वेगळी जगं आहेत. त्यामुळे मैत्रिणीसारख्या पिक्चर लॉक झालेल्यांना हे ऐकून वाईट वाटेल, पण फेस्टिव्हलचा प्रवास स्क्रिप्टच्या वेळीच सुरू करायचा असतो. आपल्याकडे गोव्यात एनएफडीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार २००७ पासून भरतोय, इफ्फी या तिथल्या आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हलच्या बरोबरच, तिथे स्क्रिप्टसाठी वेगळं दालन आणि अर्धवट कापलेल्या पिक्चरसाठी वेगळं. पणजीला जाऊन चार दिवस राहणं हे पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या माणसाला अशक्य नाही, रॉटरडॅमपेक्षा तर नक्कीच जवळ आहे.

शूटबद्दल एकच सांगतो. मृणाल देसाईचा कॅमेरा, लांबून, स्थिर, लांबलचक शॉट, आणि एका दिवसात साधारण एकच सीन, टेकवर टेक. बजेट बातम्यांमध्ये साडेतीन कोटींच्या आसपास सांगितलं गेलं आणि निर्माता एकटा गोम्बर. म्हणजे हा काही मोबाईलवर शूट केलेला शून्य बजेटचा पिक्चर नव्हे, हेही नीट लक्षात ठेवायला हवं. ‘कोर्ट’चं उदाहरण देऊन लोक म्हणतात बघा पैसे नसतानाही व्हेनिसला जाता येतं. पैसे होते. फक्त ते स्टारवर, हेलिकॉप्टर शॉटवर गेले नाहीत, वेळेवर गेले. जास्त दिवस, जास्त टेक, योग्य चेहरा मिळेपर्यंत थांबणं. हे महाग असतं.

आता व्हेनिस. ७१ वं वर्ष, २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर २०१४. मुख्य स्पर्धा वेगळी, आणि ‘ओरिझोंती’ म्हणजे क्षितिजं नावाचा दुसरा स्पर्धा विभाग वेगळा, नव्या वाटेच्या सिनेमासाठी, त्याचं परीक्षक मंडळ वेगळं. ‘कोर्ट’ ओरिझोंतीत होता. बऱ्याच जणांना वाटतं मुख्य स्पर्धा नाही म्हणजे दुय्यम. मला तसं अजिबात वाटत नाही. पहिल्याच पिक्चरसाठी, ओळखीचा एकही नट नसताना, ही जागा जास्त चांगली, कारण मुख्य स्पर्धेत सगळे कॅमेरे रेड कार्पेटवरच्या ताऱ्यांमागे धावतात आणि अनोळखी मराठी पिक्चर पत्रकारांच्या वेळापत्रकातून सहज गळून जातो. ओरिझोंतीत येणारा प्रेक्षक नवं काहीतरी शोधायलाच आलेला असतो. त्या वर्षी ओरिझोंतीच्या परीक्षकांच्या प्रमुख होत्या हाँगकाँगच्या दिग्दर्शिका अ‍ॅन हुई. ‘कोर्ट’ला ओरिझोंतीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट मिळाला, आणि वर ‘लायन ऑफ द फ्युचर’, म्हणजे कुठल्याही विभागात असलेल्या पहिल्या पिक्चरांमधून निवडलेल्या एकाला मिळणारा पुरस्कार. ताम्हाणे तेव्हा २७ वर्षांचा.

या दुसऱ्या पुरस्काराबरोबर १ लाख डॉलर असतात आणि ते दिग्दर्शक आणि निर्माता यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. तेव्हा डॉलर साठ-एकसष्ट रुपये होता, म्हणजे साठ लाखांच्या आसपास, प्रत्येकी तीस. हे आकडे मी मुद्दाम लिहितोय. जगातल्या सगळ्यात मोठ्या रोख रकमेच्या पदार्पण पुरस्कारांपैकी एक मिळूनसुद्धा निर्मात्याच्या वाट्याला जे आलं ते बजेटच्या दहाव्या भागाहूनही कमी. म्हणजे बक्षिसातून पिक्चरचे पैसे निघतील ही आशा कुणीच धरू नये, अगदी कुणीच.

इथे एक थांबून सांगावंसं वाटतं. व्हेनिस आणि मराठी हे नातं काही २०१४ चं नाही. पुण्यातल्या प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला होता आणि तिथे त्याचा गौरव झाला होता. ज्या प्रभात स्टुडिओच्या जागेत आज एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथून निघालेली रिळं समुद्रमार्गे इटलीला. तेव्हा तुकारामाचे अभंग कुणाला कळले असतील, ‘कोर्ट’मधली शाहिरी कुणाला कळली असेल? पण पोचलं. मी लॉ कॉलेज रोडवरून जातो तेव्हा दरवेळी मला हे आठवतं.

सबटायटलबद्दल मात्र बोलायला हवं कारण आपल्याकडे यावर सगळ्यात कमी वेळ दिला जातो. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी चारही भाषा आहेत आणि कोण कुठल्या भाषेत बोलतोय यावरच त्याचा वर्ग, त्याची जात, त्याचा आत्मविश्वास कळतो. बचावाचा वकील सुखवस्तू गुजराती घरातला, सरकारी वकील मध्यमवर्गीय मराठी, आरोपी शाहीर. परदेशी प्रेक्षकाला हा भेद कानाने कळत नाही, त्याला खाली एकाच इंग्रजीच्या ओळी दिसतात. त्यामुळे ज्याचं सबटायटल नुसतं शब्दाला शब्द असतं त्याच्या पिक्चरचा अर्धा जीव तिथेच जातो. माझ्या ओळखीत एकाने सबटायटल शेवटच्या रात्री एका सॉफ्टवेअरमधून काढून घेतले, ‘डोकं फिरलंय का’ याचं जे काही झालं होतं ते वाचवत नव्हतं. इतका जीव लावून केलेलं काम, आणि निवडणारी व्यक्ती पहिली दहा मिनिटं तेच वाचत बसली असणार. शाहिराच्या गाण्याचं भाषांतर ही तर स्वतंत्र कविता लिहिण्याइतकी मेहनत आहे, आणि त्यासाठी अशा माणसाला पैसे द्यायला हवेत ज्याला दोन्ही भाषांची लय कळते.

बरं, व्हेनिस झालं. आता घरी यायचं. माझ्या मते ‘कोर्ट’ची खरी हुशारी इथे दिसते, आणि यातलं किती ठरवून झालं आणि किती जुळून आलं यावर वाद घालण्यापेक्षा तारखा बघा.

६ सप्टेंबरला व्हेनिस संपलं. १४ ऑक्टोबरला मामि, म्हणजे मुंबईचं फिल्म फेस्टिव्हल सुरू झालं. त्या वर्षीचं मामि होणार की नाही हेच ठरत नव्हतं, प्रायोजक गेलेला, पैसे नाहीत, मग लोकांनी वर्गणी काढली, सिनेमावाल्यांनी दिली, उद्योगपतींपैकी आनंद महिंद्रांनी दिली, साध्या प्रेक्षकांनीही दिली आणि फेस्टिव्हल उभं राहिलं. अशा वर्गणीतून वाचलेल्या फेस्टिव्हलमध्ये ‘कोर्ट’ने आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट चित्रपट पुरस्कार घेतला. म्हणजे ज्या शहराच्या कोर्टावर पिक्चर आहे त्याच शहरात, बाहेर गाजल्यावर सहा आठवड्यांच्या आत, लोक रांगा लावून बघतायत. बाहेरची बातमी अजून ताजी असताना घरच्या प्रेक्षकाने तो बघणं, हे फार कमी पिक्चरांच्या नशिबी येतं.

मग राष्ट्रीय पुरस्कार. इथे एक नियम आहे जो स्वतंत्र फिल्मकार नेहमी विसरतात, की त्या त्या वर्षाच्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी पिक्चरला १ जानेवारी ते ३१ डिसेंबरच्या आत सेन्सॉर सर्टिफिकेट मिळालेलं असायला लागतं. रिलीज नसला तरी चालतो, सर्टिफिकेट हवं. फेस्टिव्हलमध्ये दाखवताना सेन्सॉरमधून सूट मिळते त्यामुळे लोक सेन्सॉरचं काम पुढे ढकलत राहतात, आणि डिसेंबर येतो, रांग मोठी, कागद अपुरे, आणि वर्ष जातं. ‘कोर्ट’ २०१४ च्या पुरस्कारांत होता, रिलीज २०१५ चा असूनही. २४ मार्च २०१५ ला ६२ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ ‘कोर्ट’ला. आणि १७ एप्रिलला रिलीज. मध्ये फक्त २४ दिवस. ज्यांनी व्हेनिसचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनी सुवर्णकमळाची बातमी सकाळी चहाबरोबर वाचली, आणि ती विसरायच्या आत पिक्चर थिएटरात होता. जाहिरातीला पैसे नसलेल्या पिक्चरसाठी हीच जाहिरात.

ऑस्करच्या परदेशी भाषा विभागाचा नियमही इथे बसला. त्या वर्षीसाठी पिक्चर १ ऑक्टोबर २०१४ ते ३० सप्टेंबर २०१५ या काळात आपल्या देशात निदान सात दिवस थिएटरमध्ये लागलेला असायला हवा होता. एप्रिलचा रिलीज त्यात आला आणि सप्टेंबरमध्ये भारताकडून ‘कोर्ट’ पाठवला गेला. नामांकन मिळालं नाही. २००४ मध्ये ‘श्वास’ गेला तेव्हा तिकडच्या प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकांनी पैसे गोळा केले होते हे अनेकांना आठवत असेल, त्यावरून ती पुढची शर्यत किती खर्चिक आहे याचा अंदाज येतो, तो वेगळाच विषय आहे.

आता ही ओळ इतरांशी लावून बघितली तर फरक कळतो. ‘किल्ला’ बर्लिनला फेब्रुवारी २०१४ मध्ये दाखवला गेला, मुलांच्या परीक्षक मंडळाचा क्रिस्टल बेअर मिळाला, आपल्याकडे लागला जून २०१५ मध्ये. सोळा महिने. ‘स्थळ’ टोरांटोला सप्टेंबर २०२३ मध्ये, तिथे नेटपॅक हा आशियाई सिनेमासाठीचा पुरस्कार, इथे रिलीज मार्च २०२५. अठरा महिने. ‘साबर बोंडं’ जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सन्डान्स फेस्टिव्हलला गेला, जागतिक विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार घेतला आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबरला इथे लागला, म्हणजे आठ महिने. उशीर झाला म्हणून कुणाची चूक असं मी म्हणणार नाही, वितरक मिळणं, पैसे उभे राहणं, थिएटरची तारीख मिळणं हे फिल्मकाराच्या हातात नसतंच बहुतेकदा. पण त्या मधल्या महिन्यांचा खर्च कुणीतरी सोसतो. पिक्चर जगभर फिरतोय, फोटो येतायत, लोक अभिनंदन करतायत, आणि दिग्दर्शक घरी व्याज भरतोय. हे मी जवळून बघितलंय आणि त्यात काही रोमँटिक नाही.

रिलीजबद्दल अजून एक योगायोग. ‘कोर्ट’ लागायच्या दहाच दिवस आधी, एप्रिल २०१५ च्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळच्या प्राइम टाइमला मराठी पिक्चर दाखवण्याची सक्ती जाहीर केली, त्यावरून केवढा गदारोळ झाला, मग तडजोड होऊन वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी मोकळी झाली. म्हणजे व्हेनिस जिंकलेला, सुवर्णकमळ मिळालेला मराठी पिक्चर जेव्हा मुंबईत येत होता तेव्हा त्याच शहरात मराठी पिक्चरला संध्याकाळचा शो द्यायचा की नाही यावर भांडण चालू होतं. मला हे लिहिताना आजही त्रास होतो. फेस्टिव्हल तुम्हाला जगात जागा देईल, तुमच्या गावातल्या संध्याकाळी साडेसातच्या शोची जागा देत नाही, ती वेगळी लढाई आहे आणि तिला वेगळी माणसं लागतात. ताम्हाणेचा पुढचा पिक्चर ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला, २००१ नंतर पहिल्यांदाच तिथे भारतीय पिक्चर, पटकथेचा पुरस्कारही मिळाला, आणि आपल्याकडे तो एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. इतका संगीताचा पिक्चर, मी तो हेडफोन लावून घरी बघितला. चांगल्या हॉलमध्ये तानपुरा कसा ऐकू आला असता असं वाटत राहिलं.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येतो. पहिला कुठे पाठवू. ‘कोर्ट’वरून मला जे कळतं ते असं की पहिला शो ही एकदाच खर्च करता येणारी गोष्ट आहे. व्हेनिस, कान, बर्लिन, लोकार्नो यांच्या स्पर्धेत जगातला पहिला, निदान पिक्चरच्या देशाबाहेरचा पहिला शो त्यांच्याकडेच हवा हा आग्रह असतो, काहींना त्या खंडातला पहिला हवा असतो, काहींना देशातला. म्हणून वरून खाली उतरत यायचं, खालून वर चढता येत नाही. वर्षाचं चक्रही ठरलेलं आहे, जानेवारीत सन्डान्स आणि रॉटरडॅम आणि आपल्याकडे पुण्याचं पिफ, फेब्रुवारीत बर्लिन, मे मध्ये कान, ऑगस्टमध्ये लोकार्नो, सप्टेंबरच्या आसपास व्हेनिस आणि टोरांटो, नोव्हेंबरमध्ये गोवा. त्यात आपला पिक्चर कधी तयार होतोय ते आधी बघायचं, आणि अर्धवट साउंड मिक्स घाईने पाठवण्यापेक्षा पुढच्या चक्राची वाट बघायची. एकदा नकार दिलेला पिक्चर तेच फेस्टिव्हल सहसा पुन्हा बघत नाही. आणि नकार आला म्हणजे पिक्चर वाईट असंही नाही, एका विभागात पंधरा-वीस जागा आणि त्यात एका देशाला एखादी, असा तो मामला असतो.

पण वाट बघायचीही हद्द ठरवून ठेवायची, हे मी तिला दोनदा बजावून सांगितलं. एक वर्ष, फार तर सव्वा. तेवढ्यात मोठ्यांपैकी कुणी घेतला नाही तर पिफ, केरळ, मामि, धर्मशाला, इकडे या, चांगला प्रेक्षक आहे, प्रश्न विचारणारा आहे. केरळच्या फेस्टिव्हलला तर रिक्षावाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे पास गळ्यात घालून उभे असतात, तिथे मराठी पिक्चरला भरलेला हॉल मिळताना मी स्वतः बघितलाय. पहिला शो जपण्याच्या नादात पिक्चर हार्डडिस्कमध्येच म्हातारा झाला असंही झालेलं आहे लोकांचं.

आणि फी घेऊन दर महिन्याला पन्नास विजेते जाहीर करणाऱ्यांपासून लांब राहायचं. ओळखायची खूण सोपी आहे, शो कुठल्या हॉलमध्ये आहे हे विचारा. हॉल नसेल, मागच्या वर्षीच्या प्रेक्षकांचा एकही फोटो नसेल, परीक्षक कोण हे लिहिलेलं नसेल, तर तो फेस्टिव्हल नाही. पोस्टरवर निवडीची खूण म्हणून असते ती पानांची नक्षी कुणीही छापून देतं. नवीन मुलांचे दोन-दोन, तीन-तीन हजार असे दहा ठिकाणी जातात आणि त्या पैशात खरं तर उत्तम सबटायटल झाली असती, डीसीपी म्हणजे थिएटरमध्ये लावायची डिजिटल प्रत झाली असती, गोव्याचं जाऊन-येऊन झालं असतं. याचा मला मनापासून राग येतो कारण हे पैसे बहुतेकदा आईवडिलांचे असतात.

‘कोर्ट’मधली एक गोष्ट मात्र कुणाला कॉपी करता येणार नाही, तो म्हणजे गोम्बरसारखा माणूस. पण त्याचा लहान अवतार आपल्यापैकी कुणीही होऊ शकतो असं मला वाटतं. चार मित्रांनी मिळून एकाला वर्षभर महिना चार-चार हजार दिले तरी एक जण बसून लिहू शकतो. आमच्या ग्रुपमध्ये यावर बोलणं चालू आहे, दोघं तयार आहेत.

वीरा साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले, नागपुरात. त्यांच्या गावाकडचाच भाग मैत्रिणीच्या पिक्चरमध्ये आहे, म्हणून फोनवर त्यांचा विषय निघाला. तिने त्यांना एकदा कार्यक्रमात गाताना ऐकलं होतं. मग ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, माझ्या पिक्चरमध्ये आजी जात्यावर जे म्हणते त्याचं सबटायटल मी ‘ट्रॅडिशनल साँग’ एवढंच टाकलंय रे.

त्या दोन ठिकाणांहून तिने फिल्म मागे घेतली, एका ठिकाणची फी परत मिळाली नाही. आता ती आजीच्या ओव्या परत ऐकून एकेक ओळ लिहून काढतेय, काही शब्द तिच्या आईलाही येत नाहीत म्हणून आर्णीजवळच्या एका मावशींकडे रविवारी जाणार आहे.